संमतिपत्र: आयोजकांच्या बचावासाठी की मुलाच्या उपचारासाठी?

एप्रिलच्या मध्यास परीक्षा आटोपतात आणि सोलापूर शहरात व आसपासच्या तालुक्यांत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागतात. शाळा, क्रीडामंडळे आणि सामाजिक संस्था यांच्याबरोबर आपली धर्मग्रामेही त्यात मागे नसतात. मुलाचे नाव नोंदवताना शुल्काच्या पावतीसोबत आईवडिलांपुढे एक छापील कागद सरकवला जातो. आपण पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर पाठवीत आहोत आणि काही बरेवाईट घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, असा त्याचा आशय असतो. पालक तो न वाचताच सही करतात. या कागदाला अलीकडे ‘मेडिकल कन्सेंट फॉर्म’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु त्यात मुलाच्या प्रकृतीविषयी आणि उपचाराविषयी बहुधा एक ओळही नसते. तो कागद डॉक्टरांसाठी लिहिलेला नसतोच. तो न्यायालयासाठी लिहिलेला असतो.

आणि न्यायालयातही त्याचा फारसा उपयोग नाही, हे आयोजकांनी ध्यानात घ्यावे. १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोट परिसरातील एका सहलीत १४ शाळकरी मुले बियास नदीत बुडून मरण पावली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल शिक्षकांच्या हाती सोपवले गेले की त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य त्यांच्याकडे येते, ही त्या निर्णयामागची भूमिका होती. पालकाची सही अपघाताला लागू पडेल कदाचित. निष्काळजीपणा मात्र त्या सहीने धुऊन निघत नाही.

मग संमतिपत्राचे खरे काम कोणते? ते समजण्यासाठी कायद्याकडे थोडे वळावे लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी संमतीसंबंधीच्या जुन्या तरतुदी नव्या क्रमांकांनी जवळजवळ तशाच पुढे आल्या आहेत. कलम २८ नुसार बारा वर्षांखालील मुलाची संमती सर्वसाधारणपणे ग्राह्य नाही. कलम २७ नुसार अशा मुलाच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीस त्याच्या पालकाची ‘किंवा ज्याच्याकडे त्याचा कायदेशीर ताबा आहे अशा अन्य व्यक्तीची’ संमती चालते. बारा ते अठरा या वयाचा प्रश्न अधिक अवघड आहे. फौजदारी कायदा तेथे मुलाच्या संमतीची दारे पूर्ण बंद करीत नाही. परंतु १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी अज्ञान रुग्णाच्या पालकाची लेखी संमती घ्यावी, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा शुद्धीवर असला, सर्व काही समजत असला, तरी रुग्णालय मोठ्या माणसाची सही मागते.

जीवघेण्या प्रसंगी सहीसाठी थांबण्याचे कारण नाही. पालकाची संमती वेळेत मिळणे अशक्य असेल, तर तिच्यावाचून केलेल्या उपचारास कलम ३० संरक्षण देते. आणि आधी रुग्णाचा जीव वाचवावा, कागदपत्रांच्या औपचारिकता मागाहून पाहाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावले आहे. खरी अडचण मधल्या प्रसंगांची आहे. मूल लिंबाच्या झाडावरून पडते आणि हाताचे हाड सरकते. ते बसवण्यासाठी भूल द्यावी लागते. मध्यरात्री पोट दुखू लागते आणि अपेंडिक्सची शंका येते. अशा वेळी जीव तत्काळ धोक्यात नसतो, पण सकाळपर्यंत थांबणेही शहाणपणाचे नसते. वडील यंत्रमागाच्या रात्रपाळीत, आई दिवसभर विड्या वळून झोपलेली, घरातला एकच मोबाइल बंद. शिबिराचे ताई-दादा रुग्णालयाच्या बाकावर बसलेले आणि सही करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे त्यांनाच ठाऊक नाही. या तासांसाठी संमतिपत्र असते. पालकांनी नावानिशी कोणाला अधिकार दिला आहे, कोणत्या मर्यादेपर्यंत दिला आहे आणि आपल्याशी संपर्क होईतो काय करावे, हे त्यात स्पष्ट असेल, तर कलम २७ मधील ‘अन्य व्यक्ती’ कोण, या प्रश्नाला निदान उत्तर मिळते.

मर्यादेचा उल्लेख आम्ही हेतुपूर्वक करीत आहोत. ‘कोणताही उपचार, कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास संमती’ असे सरसकट लिहून घेणे सोयीचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली ही सोय नाकारली. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही आणि काय केले जाणार आहे याची पुरेशी माहिती दिल्याशिवाय मिळालेली संमती खरी नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे. तो खटला प्रौढ स्त्रीचा होता; परंतु जिला स्वतःचे मत मांडता येते तिच्याबाबत जर ही दक्षता, तर दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून असलेल्या मुलाबाबत ती कमी का असावी?

दुसऱ्याने परस्पर सही करण्याची सवय कोठवर जाते, याचे उदाहरण आपल्याला फार दूर शोधावे लागत नाही. सोलापुरातील अनेक पद्मशाली घराण्यांचे मूळ ज्या तेलंगणात आहे, तेथील खम्मम जिल्ह्यात (तेव्हाच्या आंध्र प्रदेशात) २००९ साली १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक प्रकल्प राबवण्यात आला. गुजरातेत वडोदऱ्यासही तो होता. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्यात सहभागी होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. त्याविषयीच्या संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात नोंद आहे की आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर केवळ अंगठे होते. लसीच्या उपयुक्ततेविषयी आमचा वाद नाही. त्या काळात काही मुलींचे झालेले मृत्यू लसीमुळे झाल्याचेही चौकशीत सिद्ध झाले नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्या मुलींचे आईबाप दूरच्या पाड्यांवर होते, त्यांच्या वतीने होकार देणे सर्वांनाच सोपे वाटले; आणि एखाद्या पालकाने नकार दिला असता का, हे कळण्याचा मार्गच उरला नाही.

आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांचा विचार येथे मनात येतो. आईबाप फडात, मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात. आमच्या धर्मभगिनी आणि शिक्षक जी वसतिगृहे चालवतात, तेथेही हीच स्थिती असते. अधीक्षकाचा हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. परंतु तापावर गोळी देणे आणि पालकांना न विचारता लस, तपासणी वा शस्त्रक्रियेस होकार देणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. गोवर-रुबेला लसीकरणाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये शाळांतून लस देण्यापूर्वी पालकांची स्पष्ट संमती घेण्यास सांगितले. मोहीम चांगली होती, तरीही.

आता कागदावर काय असावे, याकडे वळू. मुलाचे वजन अवश्य हवे. किती अर्जांत ते विचारले जाते? तापाच्या साध्या औषधाची मात्राही मुलाच्या वजनावर ठरते. आपल्या दगडाळ माळरानावर, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या शिबिरार्थींना उन्हाळ्यात विंचवाचे भय असते. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिनचा उपयोग रूढ केला आणि त्यामुळे असंख्य मुलांचे प्राण वाचले. तेथेही मात्रा किलोच्या हिशेबाने द्यावी लागते. (सर्पदंशाच्या प्रतिविषाचे तसे नाही, ते मुलाला व मोठ्याला सारख्याच प्रमाणात देतात.) धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा झाले, पेनिसिलिन अथवा अन्य कशाची अॅलर्जी आहे का, दम्याचा पंप मुलाच्या खिशात राहील की ताईंच्या पिशवीत, हेही हवे. पारा ४३ अंशांकडे जात असताना माळावर खेळ ठेवणाऱ्या आयोजकांनी कोणते मूल कोणती औषधे घेत आहे, हे आधी जाणून घेतलेच पाहिजे.

आकडीच्या आजाराविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. हा आजार घरात झाकून ठेवला जातो. मुलगी असेल तर अधिकच, कारण उद्या तिच्या लग्नाचा प्रश्न येतो. शिबिरात जागरणे होतात, गोळी चुकते आणि नेमक्या या दोन गोष्टी झटका येण्यास कारण होतात. बरोबरच्या मुली घाबरतात, कोणी तोंडात चमचा घालते, कोणी कांदा हुंगवते. ‘आकडी येते’ हे दोन शब्द आईने लिहिले असते, तर रात्री नऊची गोळी कोणीतरी आठवणीने दिली असती. पण ती का लिहीत नाही, याचाही विचार आयोजकांनी करावा. भरलेले अर्ज कार्यालयाच्या टेबलावर उघडे पडलेले असतात, स्वयंसेवक ते चाळतात, क्वचित त्यांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपच्या गटावर फिरतात.

भाषेचाही विचार व्हावा. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शहर आहे. येथे इंग्रजीत छापलेल्या अर्जावर घेतलेली सही ही संमती नव्हे. ती केवळ शाई आहे. चार भाषांत एक पानी अर्ज छापण्यास फार खर्च येत नाही, आणि ज्या आईला वाचता येत नाही तिला तो वाचून दाखवण्यास पाच मिनिटे पुरतात. वाचून दाखवणाऱ्याचे नावही त्यावर असावे. एका क्रमांकाऐवजी दोन मोबाइल क्रमांक घ्यावेत, शक्य तर एक शेजाऱ्याचा.

अर्ज शिबिरप्रमुखाजवळ बंद पाकिटात असावेत आणि मुले बसने कोठे गेली तर तेही बरोबर जावेत. मुख्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असलेले संमतिपत्र रात्री दीड वाजता डॉक्टरांच्या काही कामाचे नाही. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती असावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. तो कायदा संगणकीय नोंदींपुरता असला, तरी कागदाला वेगळा न्याय लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. शिबिर संपले, कोणाही मुलाची तक्रार उरली नाही, की प्रत्येक आईला तिचा कागद परत द्यावा. आणि तो परत मिळेल, हे तिला नाव नोंदवतानाच सांगावे.