गोळी कोण वाचणार?

(द्वितीय वर्ष, कला)

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला क्षय झाला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. घरात अक्षरओळख असलेली मी एकटीच. पाकीट आले की आई ते माझ्या हाती देई आणि म्हणे, "अगं, नीट वाच. हीच ना ती गोळी?" मी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन ही नावे अडखळत वाचीत असे. तिचे समाधान होई. आई बरी झाली, आज पूर्वीसारखी शेतात राबते. पण एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी पाकीट वाचले. गोळी कोणी वाचली?

हा प्रश्न रिकाम्या डोक्यातला नव्हे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले निघाले आणि 14 रुग्ण प्राणास मुकले. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. 2024 साली नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या दोषारोपपत्रात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांत टाल्कम पावडर व स्टार्च असल्याचे म्हटले आहे. पाकिटावर नाव मात्र औषधाचेच!

गोळी 'वाचणारे' एक यंत्र आहे, हे मला शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील मैत्रिणीकडून कळले. त्याचे नाव एनएमआर, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो. पदार्थातील हायड्रोजनची अणुकेंद्रे म्हणजे जणू चिमुकले चुंबक. मोठ्या चुंबकात ठेवून त्यांना रेडिओलहरींनी डिवचले की ती उत्तर देतात, आणि प्रत्येक रेणूचे उत्तर निराळे असते. पण मोठ्या यंत्राची किंमत कोटींत आणि त्याला द्रवरूप हेलियम पाजावे लागते. ते आमच्या तालुक्याला कोठून परवडणार?

आता टेबलावर मावणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांत कायमचुंबक असतो, हेलियम लागत नाही. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातील संशोधकांनी अशा यंत्रावर जप्त केलेल्या मालातील नशेची द्रव्ये थेट ओळखून दाखवली आहेत. उणीव एकच, आवाज फार क्षीण. चुंबकात काही अणुकेंद्रे चुंबकाच्या बाजूने उभी राहतात, काही विरुद्ध, आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. छोट्या यंत्रात दहा लाखांमागे जेमतेम पाचांचे आधिक्य उरते. ऐकू येते ते एवढेच. गोळीत औषध भरपूर असते, म्हणून तेवढ्याने भागते. परंतु फेंटॅनिलसारखे द्रव्य, ज्याचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात, दुसऱ्या भुकटीत कणभर मिसळलेले असले तर त्याचा आवाज बुडून जातो.

येथे इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाची 2009 सालची युक्ती कामी येते. 'पॅरा' जातीच्या हायड्रोजनमध्ये दोन अणुकेंद्रांची अचूक जोडी जुळलेली असते. इरिडियम धातूचे एक संयुग हा हायड्रोजन आणि औषधाचा रेणू यांना क्षणभर एकत्र आणते. त्या क्षणात हायड्रोजनची शिस्त औषधाला लागते. मग मध्यस्थाने लग्न जुळवून बाजूला व्हावे, तसा औषधाचा रेणू जसाच्या तसा मोकळा होतो, आणि त्याचा आवाज शेकडो, कधी हजारो पट वाढतो. ही युक्ती ज्या औषधांवर साधली आहे त्यांत आयसोनियाझिड आहे, हे वाचले तेव्हा मला आईचे पाकीट आठवले.

हा पॅरा हायड्रोजन वाढवायला लागतो द्रव नायट्रोजनचा गारठा. तो तर आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात आहे! गाईम्हशींच्या रेतनासाठी त्याचे भांडे तेथे येते. गाईच्या वासरासाठी जे गावापर्यंत पोचते, ते माणसाच्या औषधासाठी का पोचू नये?

काहीजण म्हणतील, यंत्र आले म्हणजे भेसळ थांबेल काय? नाही थांबणार. जे. जे.मधले विष पकडायला साध्या चाचण्याही पुरल्या असत्या. उणीव यंत्राची नव्हती, तपासण्याच्या इच्छेची होती. शिवाय ही युक्ती सर्व औषधांवर चालत नाही. धातूला क्षणभर बिलगणारा रेणूच तिला हवा. वाढलेला आवाज काही सेकंदांत विरतो, इरिडियम महाग आहे, आणि हे सारे अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. म्हणून केवळ छोट्या यंत्राच्या साक्षीवर कोणाला शिक्षा होऊ नये. संशयित नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जायलाच हवा.

पण संशय तरी कोणी घ्यायचा? आज नमुना दूरच्या शहरात जातो, निकाल येईपर्यंत गोळ्या पोटात गेलेल्या असतात. बिनवर्धनाचे साधे छोटे यंत्र आजही बाजारात मिळते. त्याची किंमत लाखांत आहे, पण ती जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरची नाही. ते एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ठेवावे, विद्यार्थ्यांनी चालवावे. कणभर द्रव्याचा आवाज वाढवण्याची युक्ती पक्व होईल तेव्हा तीही तेथेच यावी.

कला शाखेच्या मुलीने यात का पडावे, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. सर, आम्ही घरातले पहिले वाचणारे आहोत. पाकीट वाचून आईला धीर देण्याचे काम आमच्याकडे आपसूक आले. यापुढे तो धीर खरा असावा, इतकेच मागणे आहे. यंत्र जिल्ह्यात यावे, आणि त्याचा निकाल दवाखान्याच्या दारावर मराठीत लागावा.