वाहून नेणाऱ्यांचे शौर्य

शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शस्त्र येते. वसतिगृहातील मुलांना सैनिकाचे चित्र काढावयास सांगावे, त्याच्या हाती बंदूक हमखास असते. धान्य, दारूगोळा आणि जखमी माणसे वाहून नेणारा वैमानिक त्या चित्रात क्वचितच दिसतो. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील अशा एका वैमानिकाची कामगिरी आपल्या मुलांपुढे ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

एअर कमोडोर मेहरसिंग हे त्यांचे नाव. पुंछ शहर नोव्हेंबर १९४७ पासून वेढ्यात होते. आत सैन्य थोडे, निर्वासित हजारो आणि रस्ते बंद. जवान व निर्वासित यांनी मिळून डिसेंबरमध्ये तेथे धावपट्टी तयार केली. सभोवार डोंगर आणि डोंगरांवर शत्रू. मेहरसिंगांनी आधी स्वतःचे डाकोटा विमान तेथे उतरवले, मगच सहकाऱ्यांना पाठवले. येताना धान्य व दारूगोळा, परतताना जखमी व निर्वासित, असा तो क्रम होता. पुढे तोफाही रात्रीच्या अंधारात, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात उतरवल्या गेल्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढा उठेपर्यंत शहर तगले ते या विमानांच्या बळावर.

लेहची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. लडाखचे सुपुत्र, अभियंता सोनम नोर्बू हे हिवाळ्यात मेजर पृथीचंद यांच्या छोट्या तुकडीबरोबर बर्फाळ झोजिला खिंड पायी ओलांडून लेहला पोहोचले. स्थानिक बौद्ध बांधवांच्या श्रमातून त्यांनी सिंधूकाठी धावपट्टी उभारली. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंगांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील त्या पट्टीवर डाकोटा उतरवले. हे विमान इतक्या उंच पर्वतरांगांसाठी घडवलेले नव्हते; मार्गाचा अनुभवही कोणाला नव्हता. त्यानंतर विमानाने सैनिक आले आणि लेह वाचले. आज लेहच्या जिल्हा रुग्णालयाला सोनम नोर्बूंचे नाव आहे.

या युद्धात आपलीही माणसे होती. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. तोच सन्मान मेहरसिंगांना मिळाला आणि मुंबईचे लढाऊ वैमानिक हृषिकेश मुळगावकर यांनाही. ते १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. राष्ट्राने लढणारा आणि वाहून नेणारा यांत भेद केला नाही. भेद आपण करतो.

त्याहून मोठी उणीव दुसरी आहे. परभणी जिल्ह्यातील आपली मुले पहाटे उठून पळण्याचा सराव करतात. पोलीस किंवा सैन्यभरतीत उतरतात. त्या घामाचा मला आदर आहे. परंतु विमानाच्या चालकासनापर्यंतची वाट भरतीच्या मैदानावरून जात नाही, ती अकरावीच्या वर्गातून जाते. राष्ट्रीय प्रबोधिनीतून हवाई दलात जाण्यासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र लागते. हे दहावीनंतर वेळेवर कोणी सांगितले नाही, तर धैर्य असूनही दार बंद होते. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना या परीक्षेसाठी घडवीत आहे. २०२२ पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आहे. किती पालकांना हे ठाऊक आहे?

गणिताची भीती हा जन्मजात दोष नव्हे. सायंकाळच्या अभ्यासिकेत शेजारी बसून शिकवणारे कोणी असेल, तर ती जाते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : वर्धापनदिनी हार आणता, ते आणाच; पण नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातील दोन तासही आणा. पालकांनी मुलीचा अर्ज भरताना हात आखडू नये.

पुंछची धावपट्टी वेढ्यातल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी केली, म्हणून विमान उतरू शकले. आपल्या लेकरांसाठी ती जमीन सपाट करण्याचे काम आपलेच आहे.