दोन भाषांची शिदोरी

दिवाळी अंक हाती पडला, की घरातल्या निदान एकाला तरी वाटते, आपणही लिहावे. बहुतेकांचे हे वाटणे फराळाच्या डब्याबरोबर संपते. ज्यांचे संपत नाही, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द.

आमच्या मंद्रूपचाच एक विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झाला. नोकरी न धरता लेखणीवर पोट भरायचे म्हणतो. वडिलांनी त्याला मार्चअखेरची मुदत दिली आहे; तोवर चार पैसे दिसले नाहीत, तर चुलत्याच्या दुकानात बसायचे. कवितांची वही पुढे ठेवून त्याने विचारले, "सर, काम कुठे मिळेल?"

मी वही मिटली आणि विचारले, "घरी कोणती भाषा बोलता?" तो ओशाळून म्हणाला, "आईशी कानडी, वडिलांशी मराठी."

यात ओशाळण्यासारखे काय आहे? सोलापूर-विजापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात माणसे भाव कानडीत विचारतात आणि मराठीत पाडतात! हीच त्याची शिदोरी. उमा कुलकर्णींचे उदाहरण पाहा. पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवीत आणि त्या ऐकून मराठीत उतरवीत. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याला दोन्ही भाषा पाळण्यातच मिळाल्या, त्याने का कचरावे?

सराव घरच्या देवापासून करावा. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. त्यांची बाराव्या शतकातली वचने कन्नडातच आहेत. रोज एक वचन मराठीत उतरवावे. इतक्या जुन्या कवीची परवानगी लागत नाही. आजच्या लेखकाची मात्र लागते, आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे वारसांची. प्रकाशकाकडे जाताना ही परवानगी कोण मिळवणार, हे आधी ठरवावे. सोबत नमुन्याची दहा पाने न्यावीत; कवितांची वही नव्हे.

पुस्तकाचा पैसा उशिरा येतो. तोवर चूल पेटती ठेवायला बियाण्यांची माहितीपत्रके, औषधांच्या सूचना, जाहिराती, चित्रपटांचे संवाद अशी दोन्ही भाषांत लागणारी कामे शोधावीत. छापखाने आणि जाहिरात संस्था यांचे उंबरे झिजवण्यात कमीपणा नाही. दर शब्दामागे किती, पैसे कधी, दुरुस्त्या किती वेळा, हे काम हाती घेण्यापूर्वीच कागदावर यावे. "पुस्तक निघाले की बघू" या वाक्यावर आजवर कुणाची पणती पेटलेली नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. किती वर्षांसाठी दिला हे करारात लिहिलेले नसेल, तर तो ५ वर्षांपुरताच धरतात. सही करण्यापूर्वी एवढे तरी वाचावे.

आणि दुकानाचे काय? मी त्याला म्हटले, "बैस की! सकाळी दुकान, रात्री दोन तास अनुवाद. पोटाची काळजी असली, की माणूस मिळेल त्या दराला मान डोलावतो."

वडीलमंडळींना एक विनंती. मुदत मार्चची नको, निदान पुढच्या दिवाळीची द्या. मुलगी किंवा मुलगा दार लोटून लिहीत बसला, की "काही कामधंदा बघ" म्हणू नका. तो कामच करीत असतो. मानधन आले का, हे मात्र जरूर विचारा!