बक्षीस की भेट?

मंडळी, परवा मांडव्याच्या जेट्टीवर रो-रो बोटीतून एक लाल फेरारी उतरली. पुढच्या गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून तिरकी तिरकी चालली होती बिचारी! नातू मोबाईल घेऊन धावला, आणि घरी येईपर्यंत आमचा जुना वाद पुन्हा पेटला... सचिनच्या फेरारीचा.

विसरला असाल तर सांगतो. २००२ साली सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फिआटने त्याला सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना दिली. फेरारीच्या घरातलं हे आठ सिलिंडरचं धाकटं मॉडेल. बारा सिलिंडरच्या थोरल्या बहिणी आणखी महाग. तरी हिच्यावरचं आयात शुल्कच सुमारे १ कोटी १३ लाख. २००३ मध्ये केंद्र सरकारने ते माफ केलं.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, त्याने देशाला एवढं दिलं, त्याचं काय?" अरे, त्याच्या शतकासाठी मी स्टाफरूममध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून तास बुडवलाय (एकदाच!). पण नियमात सवलत होती ती जिंकलेल्या बक्षिसाला. ही होती भेट. आता मराठीत हे दोन शब्द जरा एकमेकांत मिसळतात खरे. जमीन भेट दिली तरी कागद बक्षीसपत्राचाच. पण माझ्या ताईने नागावच्या वाडीतला तुकडा मला तसा दिला, तेव्हा मुद्रांक शुल्क मी पेन्शनमधून भरलं. सचिनसाठी मात्र नियमातले शब्दच बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या!

शिवाय ती भेट तरी निखळ कुठे होती? फेरारी तेव्हा फिआटच्या मालकीची, आणि सचिन फिआटच्या पालिओची जाहिरात करत होता. म्हणजे जाहिरात कंपनीची, सूट सरकारी तिजोरीतून, आणि टाळ्या आपण वाजवायच्या. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ओरड झाली, तेव्हा सचिनने पैसे भरायची तयारी दाखवली. शेवटी भरले फिआटने. भरण्याची ऐपत असलेले दोघेही पहिल्यापासून समोर होते, मग माफी हवी होती कशाला? यावर चिरंजीव म्हणतात, "तुम्ही मास्तर ते मास्तरच."

असो. २०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. त्याची वस्तू, त्याने विकली, माझी काही तक्रार नाही. नातवाला मात्र विचारलं, परवाची ती लाल गाडी चोंढीपर्यंत तरी पोचली असेल का रे?