सोबत राहणाऱ्या आईची मजुरी कोण देणार?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटला नाव मिळाले ते होसूर-सर्जापूर रस्त्यावरून. त्याच होसूर रस्त्यावर, काही किलोमीटरवर, निम्हान्स ही मानसिक आरोग्याची देशातली अग्रगण्य सरकारी संस्था आहे. स्टार्टअपच्या या वसाहतीत आपल्यापैकी कित्येक जण नोकरीनिमित्त पोचले आहेत. तिथले रस्ते झाडणारे सफाई कामगार बहुतांश दलित आहेत. त्यांच्यातल्या एखादीच्या सोळा वर्षांच्या मुलीला तीव्र नैराश्य आले आणि डॉक्टरांनी भरती करायला सांगितले, तर निम्हान्स तिच्यापासून किती लांब? हे अंतर मजुरीत मोजावे लागते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 87 अल्पवयीनांच्या भरतीविषयी आहे. मुलांना प्रौढांपासून वेगळे ठेवायचे. भरतीची माहिती 72 तासांत पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. मुक्काम 30 दिवसांपुढे गेला तर मंडळाने तपासणी करायची. आणि भरतीच्या संपूर्ण काळात पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मुलासोबत राहायचे. मुलीचा पालक पुरुष असेल तर सोबत स्त्रीच हवी.

तरतूद चांगली आहे. घाबरलेल्या लेकराला एकटे सोडू नये, हे कायद्याने मान्य केले. पण सोबत राहणाऱ्या आईच्या बुडालेल्या रोजाबद्दल तो गप्प आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायलाच साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पगारी रजा असलेल्या घराला हा काळ निभावता येतो. रोजंदारीवरच्या घरात चूल विझते, ठेकेदार दुसरी बाई लावतो, आणि आई मुलीला अर्ध्या उपचारातून घरी नेते. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. त्याच आठवड्यांत ती मुलगी घरी एकटी असते, कारण आई खाडे भरून काढत असते.

मग लोक म्हणतात, ‘या लोकांना जाणीवच नाही.’ जाणीव आहे, सवड नाही. कोणाचा दिवस बुडाला तर घर बुडते, हे या देशात अजूनही बऱ्याच अंशी जातीवरून ठरते. कलम 18 म्हणते की उपचारांत जात, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही. दार सर्वांना उघडे आहे. आत थांबण्याची ऐपत मात्र मोजक्यांचीच.

उपाय नवा शोधायला नको. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात कुपोषित मूल दवाखान्यात भरती झाले, तर सोबतच्या पालकाला ‘बुडीत मजुरी’ देण्याची तरतूद आहे. तोच शब्द ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत आणि निम्हान्समध्येही अल्पवयीनांच्या पालकांसाठी लागू व्हायला हवा. कायदा सोबत राहणे बंधनकारक करतो, तेव्हा त्याची किंमत शासनाने मोजलीच पाहिजे.

तोवर आपलेही एक काम आहे. घरातला पहिला पदवीधर हा नात्यातल्या दहा घरांचा कागद वाचणारा माणूस असतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सरकारी मानसोपचार मोफत मिळणे हा हक्क आहे, टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते, हे वस्तीत सांगा. भरतीच्या अर्जावर सही करण्याआधी तो आईला वाचून दाखवा. आणि जमेल तेव्हा आठवड्यातले दोन दिवस तिच्याऐवजी तुम्ही मुलासोबत राहा. तिने तुम्हाला नेमले, तर कायदा त्याला परवानगी देतो.