नांदेड-४४ मागे का पडले? कापसाच्या बियाण्याची साखळी आणि एक सोयीचा गैरसमज

१/ 'तंत्रज्ञान प्रगत झाले की मक्तेदारी अटळच' हे वाक्य हल्ली इतिहासाचा नियम असल्यासारखे उच्चारले जाते. मराठवाड्यातील कापूस-बियाण्याचा इतिहास या नियमाला साक्ष देत नाही. (थ्रेड)

२/ संशोधन, बीजोत्पादन आणि विक्री हे सारे टप्पे एकाच मालकाच्या हाती येणे, याला अर्थशास्त्रात 'उभे एकत्रीकरण' म्हणतात. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९७६ साली महाबीज आले. वाण एकाचे, बीजोत्पादन दुसऱ्याचे, अशी ही विभागलेली साखळी होती.

३/ याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने नांदेड-४४ हे संकरित वाण दिले. कोरडवाहू काळ्या जमिनीत ते रुजले. मात्र संकरित पिकाचे घरचे बी पेरले, तर पुढल्या पिढीत एकसारखेपणा उरत नाही; बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. हे परावलंबन सार्वजनिक संशोधनानेही आणले, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

४/ मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्याकडे बोंडअळीला रोखणारे जनुक होते. उत्तम वाणे अनेकांकडे होती, जनुक एकाकडे. साखळीतील जी कडी दुर्मीळ, तिचाच मालक भाव ठरवतो. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या घरात गेली. २००६ साली राज्य सरकारांनी ती ७५० रुपयांच्या आसपास आणली.

५/ आता नियमवाद्यांना प्रश्न. मोन्सॅन्टोने २००७ साली अमेरिकेत डेल्टा अँड पाइन लँड ही कापूस-बियाण्याची बलाढ्य कंपनीच विकत घेतली. भारतात मात्र डझनावारी कंपन्यांना परवाने देऊन स्वामित्वशुल्क घेतले. तंत्रज्ञान एकच, रचना दोन. मग 'अटळ' काय होते?

६/ त्याहून बोलके हे, की पहिल्या बीटी जनुकाचे भारतात पेटंटच नव्हते. पकड होती ती करारांची आणि जैवसुरक्षा-मंजुरीची.

७/ सार्वजनिक संस्थांनी प्रयत्न केला नाही, असे नाही. बिकानेरी नर्मा बीटी आणि नांदेड-४४ चे बीटी रूप त्यांनीच आणले. पण बियाण्यात मोन्सॅन्टोचेच जनुक आढळल्याने विक्री थांबली. सोपोरी समितीने २०१२ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. हा पराभव तंत्रज्ञानाने केला नाही. तो प्रयोगशाळेतील शिस्तीचा होता.

८/ पुढे सरकारने शुल्क उतरवत २०२० साली शून्यावर आणले. तोवर गुलाबी बोंडअळी या जनुकांना पचवू लागली होती. किंमत आदेशाने उतरते. नवे जनुक आदेशाने जन्मत नाही.

९/ म्हणून 'मक्तेदारी अटळ' हा इतिहासाचा निष्कर्ष नव्हे, ती जबाबदारी झटकण्याची पळवाट आहे. परभणीकडे वाण होते, जमीन होती, शेतकऱ्यांचा विश्वास होता. निर्णायक कडी तेवढी दुसऱ्याच्या हाती राहिली. पुढील तंत्रज्ञान येईल तेव्हा ती कोणाच्या हाती असेल, हे तंत्रज्ञान ठरवणार नाही. आज संशोधनावर कोण किती खर्च करतो आणि किती काटेकोरपणे काम करतो, त्यावर ते ठरेल.