यंत्राला परवाना, हाताला काय?

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीची, चर्चा निघाली की वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात ती यंत्रापाशीच थांबते. पण तंत्रज्ञाने स्तन नीट ओढून, दाबून बसवला नाही, तर गाठ चित्राबाहेरच राहू शकते.

ब्रिटनमध्ये चित्रांना उत्तम, चांगलं, मध्यम, अपुरं अशा श्रेणी देतात. तिरक्या चित्रात छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसतो का, हेही बघतात. आपल्याकडे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. हाताच्या सफाईलाही गुण हवेत.

हात शिकवता येतो, हे टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दाखवलं. 1998 पासूनच्या, दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हाततपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. तेही यंत्राविना!

वाशिमच्या तंत्रज्ञांची महिन्याकाठी दहा चित्रं अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तपासावीत. शेरा मात्र शिकवणारा हवा, मेमो नको.